एकसष्टावा मणी

आमच्या मंडळात सहा बायका आणि मी. पॉलिमर क्ले म्हणजे काय, हे अंबडात आम्हा सात जणांखेरीज कुणाला ठाऊक नाही, आणि आम्ही सांगायला लागलो की ऐकणारा घड्याळ बघतो. नावात क्ले असला तरी ती माती नव्हे, प्लॅस्टिकच ते. कणकेसारखं मळायचं, हवा तो आकार द्यायचा, एकशे तीस अंशांवर अर्धा तास ओव्हनमध्ये भाजायचं, की टणक होतं. मग ते एकमेकांना दाखवायचं आणि दुसरं मळायला घ्यायचं.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. साधना, म्हणजे माझी बायको, गेल्यावर दोन वर्षं मी संध्याकाळी टीव्हीवरच्या लोकांशी भांडत बसायचो. ते भांडण भिंतीतून शेजारी ऐकू जायचं. एका शनिवारी शेजारच्या मीनाताई आल्या आणि म्हणाल्या, "सर, एवढं ओरडण्यापरीस काहीतरी मळा." तेव्हापासून मी मळतो.

मंडळात दर शनिवारी एकीनं आपली युक्ती सांगायची. मीनाताईंनी शेवयांच्या जुन्या मशीनमधून क्ले लाटायला शिकवलं. अफ्रीन आमच्यात सगळ्यांत लहान, पण फार्मसी शिकलेली आणि औषधांच्या दुकानात बसणारी, त्यामुळे तिचा शब्द शेवटचा. तिचे नियम दोन. जे भांडं क्लेला लागलं, ते परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. आणि ओव्हनच्या खटक्यावरच्या आकड्यावर विसंबायचं नाही, आत वेगळा थर्मामीटर ठेवायचा. पहिला नियम मी पाळत असे.

मंडळाची एक परीक्षाही होती. केलेली वस्तू खऱ्या वस्तूंत गुपचूप ठेवायची. कुणी फसलं की पास. मीनाताईंनी केलेली लोणच्याची फोड त्यांच्या मिस्टरांनी जेवताना चावली आणि त्यांच्या दाढेचा टवका उडाला. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. हे मी आता असं सांगतो आहे, पण तेव्हा मलाही ते विनोदीच वाटलं होतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी जालन्यापलीकडच्या टेंभुर्णीला माझ्या नातीचं बोरन्हाण ठरलं. माझी मुलगी रूपाली तिकडं दिलेली. नात ईश्वरी चौदा महिन्यांची, वर दोन दात, खाली दोन. बोरन्हाणात लेकराला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, मापट्यानं डोक्यावरून चुरमुरे, बोरं, हलवा, गोळ्या ओततात, आणि भोवतीच्या पोरांनी ते वेचून खायचं असतं. आता हलव्याच्या दागिन्यांची अडचण अशी, की ते हाताला चिकट होतात, मुंग्या येतात आणि पुढच्या वर्षी कामाचे राहत नाहीत. ही अडचण मी सोडवायचं ठरवलं. सोडवा असं मला कुणीही म्हणालं नव्हतं.

हलव्याचे हरभऱ्याएवढे गोल मणी वळणं सोपं होतं. अवघड होता तो काटा. टूथब्रशनं टोचून पाहिलं, सुईनं ओरबाडून पाहिलं. मणी हलव्यासारखे न दिसता आजारी दिसायचे. शेवटी अफ्रीननं युक्ती सांगितली. "कच्च्या मण्याला बारीक साखर लावा सर, तसंच भाजा आणि रातभर पाण्यात टाकून द्या. साखर विरघळते, तिचे खड्डे राहतात. मस्त खडबडीत दिसतं."

मी साखर लावली, भाजलं, ट्रे बाहेर काढला, आणि पाहतच राहिलो. पांढऱ्या मण्यावर साखरेचा कण न् कण चमकत होता. तो हलवाच होता. पाण्यात टाकला असता तर काटा जाऊन देवीचे व्रण राहिले असते. मी टाकला नाही. फोटो मंडळाच्या ग्रुपवर पाठवला. मीनाताईंनी लिहिलं, "सर पास!!" अफ्रीननं विचारलं, "पाण्यात टाकले ना?" त्यावर मी अंगठा दाबला. अंगठ्याचा अर्थ हो असा होतो, हे मला माहीत होतं.

मुकुट आणि बाजूबंदाचे मणी पुठ्ठ्यावर पक्के चिकटवले, हार तेवढा ओवायचा ठेवला. हारात मधे एक मणी, दोन्ही बाजूंना तीस-तीस. मीनाताई म्हणाल्या, नायलॉनच्या दोऱ्यात ओवा, दुहेरी गाठ मारा. मी म्हटलं, छे, लेकरानं ओढलं तर गळ्याला फास बसेल, साधा दोरा बरा, ताण पडला की तुटेल. लेकराच्या जिवाचा विचार मी केला होता. तो एवढाच केला होता.

टेंभुर्णीला पोचलो तेव्हा घर बायका-पोरांनी भरलं होतं. विहीणबाईंनी, म्हणजे दैवशालाबाईंनी, डबा उघडून हार उजेडात धरला.

"काटा बघा काटा! अगं रूपाली, असा हलवा आमच्या आईच्या हातचा राहायचा. इवाई, कोणी केला हो?"

"अंबडात एक बाई आहेत," मी म्हणालो.

सगळं झाल्यावर मी उभा राहून गंमत सांगणार होतो. त्यासाठीची दोन वाक्यं येताना बसमध्येच जुळवली होती. एकदा बायका हसल्या असत्या, एकदा मी नम्रपणे मान खाली घातली असती.

मी मंडळासाठी मोबाइलवर शूटिंग करत दारात उभा राहिलो. ईश्वरी पाटावर बसली. डोक्यावरून पहिलं मापटं ओतलं गेलं. ती दचकली, मग हसली, मग चुरमुऱ्यांत हात मारायला लागली. दुसऱ्या मापट्याला तिनं हार दोन्ही मुठींत धरला आणि ओढला. दोरा तुटला. माझ्या हिशेबाप्रमाणेच तुटला. एकसष्ट मणी खऱ्या हलव्यात, चुरमुऱ्यांत, बोरांत मिसळून पाटाभोवती पसरले.

"अगं बाई, हार!" रूपाली म्हणाली.

"जाऊ दे गं, हलवाच हाय," विहीणबाई म्हणाल्या. "वेचा रे पोरांहो, खा!"

दहा-बारा पोरं तुटून पडली.

मोबाइल धरलेला हात तसाच वर राहिला. मला ओरडायचं होतं, पण त्याच क्षणी एक वेगळंच भय पुढं येऊन उभं राहिलं. काय म्हणून ओरडायचं? मघाशी अंबडची बाई म्हणालो, ती आता कुठं ठेवायची? मी वाक्य शोधत होतो. पंचवीस वर्षं वर्गात बोलणारा माणूस, तीन शब्दांचं वाक्य मला जुळेना.

"खाऊ नका!" शेवटी आवाज फुटला. "थुंका! ते प्लॅस्टिक आहे!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"काय प्लॅस्टिक हाय?"

"हलवा. हाराचा हलवा."

"हलवा कसा प्लॅस्टिकचा राहील?" एक बाई हसून म्हणाली. तिला वाटलं, सरांची काहीतरी गंमत. तेवढ्यात तिच्याच पोरीनं तोंडातून एक मणी काढून बघितला आणि म्हणाली, "ह्याचं गोड संपलं."

मग घरात जे झालं ते नीट सांगता येणार नाही. बायकांनी आपापली पोरं धरली, तोंडं उघडली, बोटं घातली. पोरं रडायला लागली. दोघींच्या हाताला एकेक मणी लागला, एका पोराच्या गालात दोन सापडले. चुरमुरे चादरीवर ओतून आम्ही निवडत बसलो. खरा हलवा दाबला की फुटायचा. न फुटणारा माझा. मी ताटात दहा-दहाचे ढीग लावले. सहा ढीग झाले.

"किती होते?" जावई आदिनाथनं विचारलं.

"एकसष्ट."

"नक्की?"

"तीस, तीस आणि एक."

पाट उचलला, सतरंजी झटकली, पोरांचे खिसे उलटे केले. तेव्हा ईश्वरी खोकली. साधाच खोकला, एकदा. मग पुन्हा. तिचं तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, लाळ हनुवटीवरून गळायला लागली. रूपालीनं तिला पालथं घेतलं, आदिनाथनं पाठीवर थापट्या मारल्या. पडलं काहीच नाही. खोकला थांबला. थांबला हे चांगलं की वाईट, ते कुणालाच कळेना, आणि सगळे तिच्या छातीकडं बघत राहिलो.

आदिनाथनं गाडी काढली. जालन्याचा रस्ता पाऊण-एक तासाचा. मी पुढं, मागं रूपाली ईश्वरीला उभं धरून, शेजारी विहीणबाई. दर दोन मिनिटांनी रूपाली म्हणायची, "झोपू नको पिल्ल्या, झोपू नको," आणि तिचा गाल हलवायची. ईश्वरी जांभई द्यायची आणि गाडीतल्या चौघांचा श्वास थांबायचा.

"पप्पा, मोबाइल द्या," रूपाली म्हणाली. "शूटिंग केलंय ना तुम्ही?"

मी दिला. गाडीत चुरमुऱ्यांचा आवाज यायला लागला, मग पोरांचा गलका, मग विहीणबाईंचा आवाज, वेचा रे पोरांहो, खा. विहीणबाईंनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

"इथं," रूपाली म्हणाली. "दोन बोटांनी उचलला. घातला तोंडात. मणीच आहे, बोर नाही." तिनं ते परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही नऊ सेकंदांनी ओरडलात."

मी समोरच्या काचेतून बघत राहिलो.

"हार तुटल्यापासून नऊ. तिनं सातव्या सेकंदाला तोंडात घातलाय."

आदिनाथनं एक ट्रक मागं टाकला. मग मी अफ्रीनला फोन लावला. गाडीच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून स्पीकर लावून मांडीवर ठेवला.

"अफ्रीन, भाजलेला मणी पोटात गेला तर?"

"कुणाच्या पोटात सर?"

सांगितलं. पलीकडं दुकानातलं गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, त्याला ती "थांबा" म्हणाली आणि मग हळू बोलली. "बराबर भाजलेला असला तर पोटात काही होत न्हाई सर, तसाच निघतो. श्वासाच्या नळीत नको जायला, बस. भाजला किती?"

"एकशे तीस. अर्धा तास."

"आत थर्मामीटर ठेवलेला?"

"खटक्यावर एकशे तीस होतं."

"कच्चा राहिला असंल तर डॉक्टरला तसं सांगा, लपवू नका. पण सर, पोरीनं गिळला कसा? बेचव वस्तू लेकरं थुंकतात. तुम्ही तर साखर काढली होती ना, पाण्यात टाकून?"

मी फोन बंद करायला हात नेला. तो बंद व्हायला हवा तितक्या लवकर झाला नाही.

"कोणती साखर?" मागून रूपालीनं विचारलं.

मी सांगितलं. काटा, पाणी, अंगठा, सगळं. गाडीत सांगायला पुरेसा वेळ होता. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे खायलाच केला होता," आणि ईश्वरीचा गाल पुन्हा हलवायला लागली. नंतरच्या रस्त्यात माझ्याशी बोलली ती फक्त विहीणबाईंची पायातली जोडवी. पाय थरथरत होता आणि ती एकमेकांवर वाजत होती.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आधी दोन्ही बाजूंनी छाती ऐकली, बराच वेळ ऐकली.

"वस्तू कशाची?"

"पॉलिमर क्ले. प्लॅस्टिक. वरून साखर," रूपालीनंच सांगितलं.

"वरून काय?"

"साखर. गोड लागावी म्हणून नाही. चांगली दिसावी म्हणून."

डॉक्टरणीनं आळीपाळीनं आमच्याकडं बघितलं. मी हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा.

"आत तार, टाचणी, काही?"

"नाही. फक्त भोक आहे. सुईनं पाडलेलं."

"आरपार?"

"हो."

"बरं केलं," ती म्हणाली. त्या दिवसात माझ्या कामाबद्दल कुणी काढलेला हा एकच चांगला शब्द, आणि तो मला ऐकवेना, कारण भोक कशासाठी बरं हे मला कळलं होतं. मणी नळीत अडकलाच तर तेवढ्यातून श्वास जाईल.

"एक्सरेत असली वस्तू दिसेल का, मला सांगता येत नाही. तसलाच दुसरा आहे?"

माझ्या खिशात रुमालात बांधलेले साठ होते. तिनं एक घेतला आणि आधी त्याचाच एक्सरे काढला. मी आजवर केलेल्या वस्तूंपैकी एवढ्या काळजीनं कुणी कुठली पाहिली नव्हती. काळ्या पडद्यावर फिक्कट करडा ठिपका आला. धुक्यात दिवा असावा इतपत. मणी तिनं मला परत दिला. "दिसतो," ती म्हणाली. "चला, आणा बाळाला."

ईश्वरीचे हात रूपालीनं धरले, पाय आदिनाथनं. ती एवढी किंचाळली की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले. विहीणबाई माझ्या शेजारी पुटपुटत होत्या, "रड माय, रड. रडून राह्यली म्हणजे दम हाय." मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यातली साडेतीन महिन्यांची ओळ वाचत होतो. ती ओळ मी अजून सांगू शकतो.

दार उघडलं. डॉक्टरणीनं पडद्यावर पेन टेकवलं. छातीत काही नव्हतं. खाली, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला, तोच करडा ठिपका.

"पोटात गेलाय. खोकली तेव्हा घशाशी असणार, नशीब की खाली उतरला. बहुतेक आपोआप निघेल. चार दिवस बघा. उलटी, ताप, पोट फुगणं, काहीही वाटलं तर तडक या. आणि रोज तपासायचं."

"काय तपासायचं?" मी विचारलं.

"सगळं," ती म्हणाली.

टेंभुर्णीला परत आल्यावर मी बॅग उचलली. विहीणबाई दारात आडव्या आल्या. "कुठं निघाले? इथंच राहायचं. मणी तुमचा हाय, तुम्हीच बघायचं."

मी कॉलेजला चार दिवसांची रजा कळवली. कारण लिहिलं, घरगुती. विहीणबाईंनी मला एक जुनी चाळणी, बादली आणि मागच्या अंगणातला नळ दिला. दुपट्यातलं सगळं माझ्याकडं यायचं. मी चाळणीत धरून पाणी सोडायचो आणि शेजारी त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी बोराची साल निघाली. दुसऱ्या दिवशी काही नाही. गल्लीतल्या बायका कामाला जाताना कुंपणावरून विचारायच्या, "आला का वो?" आणि विहीणबाई नुसती मान हलवायच्या.

रूपाली माझ्यासमोर ताट ठेवायची, पाणी ठेवायची. ईश्वरी रांगत माझ्याकडं यायला लागली की उचलून घ्यायची. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ईश्वरी पाय पोटाशी घेऊन रडायला लागली. पोट हाताला टणक लागत होतं. आदिनाथ शेतातून धावत आला, गाडी सुरू करून उभा राहिला, रूपाली डॉक्टरणीला फोनवर सांगताना दोनदा स्वतःचंच नाव चुकली. मी मधल्या खोलीत उभा होतो आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच फिरत होतं, की ओव्हनच्या खटक्यावर एकशे तीस होतं, आत किती होतं? कच्चा क्ले मऊ राहतो. मऊ वस्तू आत चिकटून बसते का? अफ्रीनला विचारायचं धैर्य होईना. मग ईश्वरीनं मोठ्यानं वारा सोडला, रडायची थांबली आणि आमच्याकडं आश्चर्यानं बघायला लागली. कुणी हसलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सातला चाळणीत काहीतरी टक्‌ वाजलं.

मी पाणी बंद केलं. विहीणबाई खाली वाकल्या, त्यांनीच तो बोटांनी उचलला, नळाखाली धरला, चोळला, उन्हात बघितला. साखरेचा कण राहिला नव्हता. सगळीकडं बारीक खड्डे. नखानं दाबून पाहिला, टणक होता. आत जाऊन त्यांनी साठ मण्यांचं ताट आणलं आणि हा त्यात टाकला.

"मोजा."

"विहीणबाई, दिसतोय की..."

"मोजा म्हणते ना."

मी मोजले. एकसष्ट. ऐकलं आणि त्या तिथंच धुण्याच्या दगडावर बसल्या. चार दिवस ज्या बाईचा आवाज हलला नव्हता, ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

"मीच म्हणले हो, वेचा, खा. मोबाइलात बराबर आवाज आलाय माझा. रातभर कानात तेच वाजून राह्यलं. माझ्याच तोंडानं म्हणले, खा."

मला वाटत होतं, त्या माझ्यावर रागावून गप्प आहेत. चार दिवस मी त्यांच्या शेजारी उभा राहून फक्त माझ्याच भीतीचा विचार केला होता.

"तुम्ही हलवा समजून म्हणालात," मी म्हटलं. "मला माहीत होतं तो हलवा नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खोटं सांगितलं. अंबडात कुणी बाई नाही, मीच केले ते. आणि तुटल्यावरसुद्धा मी गप्प राहिलो, कारण तुमच्यासमोर खोटा पडायला भीत होतो. नऊ सेकंद मी त्याचाच विचार करत होतो, पोरीचा नाही."

हे बोलून मी वर बघितलं तर मागच्या दारात रूपाली उभी होती, ईश्वरीला कडेवर घेऊन. कधीपासून उभी होती, ते मी विचारलं नाही.

ती चार पायऱ्या उतरून आली. ईश्वरीनं माझ्याकडं हात पसरले. मी पण पुढं केले.

"थांबा," रूपाली म्हणाली. "तुमच्या शर्टाचं वरचं बटण लोंबतंय."

मी खाली बघितलं. लोंबत होतं. सगळी सहाही बटणं मला एकाएकी मोठी दिसायला लागली.

"काढा तो शर्ट. हात धुवा साबणानं. आत दोरीवर ह्यांचा टी-शर्ट आहे."

मी हात धुतले, दोनदा. आदिनाथचा टी-शर्ट चढवला. त्यावर कपाशीच्या कुठल्याशा बियाण्याची जाहिरात होती आणि तो पोटावर ताणून बसत होता. बटण एकही नव्हतं. रूपालीनं बाह्या तपासल्या, खिसा नाही याची खात्री केली आणि मग लेकरू माझ्याकडं दिलं. दिलं तरी तिचा एक हात ईश्वरीच्या पाठीवर तसाच होता.

ईश्वरीनं माझ्या चेहऱ्याकडं बराच वेळ निरखून पाहिलं. मग एक बोट माझ्या ओठांत खुपसलं, आधी एका गालातून फिरवलं, मग दुसऱ्यातून, मग जिभेखालून. गेले चार दिवस घरातलं प्रत्येक माणूस तिचं तोंड असंच तपासत होतं.

मी तोंड उघडून उभा राहिलो.